डोझरतात्यांची घळ

तात्या माझ्या दुकानात दुसऱ्यांदा आले ते तक्रार घेऊन. बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. पायरीवर चपला काढून ठेवू नका असं सांगूनही त्यांनी काढल्या, आत आले, चारच दिवसांपूर्वी नेलेला दुभागी काचेचा चष्मा घडी करून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, चष्मा ब्येस हाय. लांबचं दिसतं, वाचायचं दिसतं. पर पाय कुठं ठिवायचा तेवढीच जागा दिसत न्हाय."

ही तक्रार मला नवी नव्हती. दुभागी चष्म्यातून खाली पाहिलं की नेमकी पायाखालची जमीन धूसर होते आणि पहिले काही दिवस माणसं जिन्यावर चाचपडतात. मी माझं नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं. मान खाली घालून बघा, आठ दिवस घरातल्या घरात फिरा, सवय होईल.

"घरात कोण फिरतंय?" तात्या म्हणाले.

"मग कुठं फिरता?"

"घळीत."

कुठली घळ, तिथे या वयात काय काम, हे विचारायला नको होतं. विचारलं आणि तासभर दुसरं गिऱ्हाईक पाहता आलं नाही. मोरगावच्या खाली कऱ्हेच्या काठाला त्यांची घळ होती आणि त्या घळीत म्हणे माणसाच्याही आधीची जनावरं दगड होऊन पडली होती. माणूस सत्तरीचा, धोतर आणि वर फुल शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक स्क्रूड्रायव्हर. थापा मारणाऱ्या माणसाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर नसतो, असा काहीतरी विचार करून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांना दोन वेगळे चष्मे करून दिले. लांबचा गळ्यात दोरीला, जवळचा खिशात डबीत. उतरताना गळ्यातला, हाड दिसलं की खिशातला. निघताना ते म्हणाले, "आता तुमी या एकदा. तुमच्या काचेतनं काय दिसतं ते तुमी बी बगा."

त्यांचं खरं नाव मारुती. पण पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंत कुणालाही मारुती म्हणून विचारलं असतं तर पत्ता लागला नसता. डोझरतात्या म्हटलं की लहान पोरसुद्धा बोट दाखवत असे. तरुणपणी त्यांनी डोझर घेतला आणि पुढची पंचवीसेक वर्षं लोकांची रानं सपाट करून दिली. उंचवटे कापायचे, ओघळी बुजवायच्या, पाणी सारखं बसेल असं शेत करून द्यायचं. आज ह्या भागात रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे सरळसोट ऊस आणि केळी दिसतात, त्यांच्या खालची बरीचशी जमीन तात्यांनी घासलेली आहे. त्यांचा हात एवढा सरळ होता की पाणी सोडलं की ते या बांधापासून त्या बांधापर्यंत एकाच चालीनं जायचं, असं जुने शेतकरी अजून सांगतात.

आणि असा माणूस म्हातारपणी एका खडबडीत, उपयोगशून्य, बाभळी माजलेल्या घळीचा राखणदार झाला होता. लोकांना याचं हसू यायचं. तात्यांना यायचं नाही.

आम्ही बारामतीतले काही जण दर रविवारी कुठेतरी चालायला जातो. पोटं कमी करण्याचा हेतू होता. तो अजून हेतूच आहे. माझ्या आग्रहामुळे ही मंडळी एका रविवारी मोरगावला उतरली आणि मग दर हिवाळ्यात दोन-तीन वेळा जायची रीतच पडली. तिथली जमीन मोठी विचित्र आहे. ज्वारीच्या सपाट रानातून चालत असता आणि अचानक पुढे जमीनच नसते. घराएवढ्या उंचीच्या मातीच्या भिंती, त्यांच्यामधून वळणं घेत गेलेल्या अरुंद वाटा, वरून पाण्यानं कातलेले सुळके. पिवळी, तांबूस, करडी माती, आणि सगळ्या उतारांवर चुनखडीचे पांढरे खडे सांडलेले. दहा पावलं आत गेलं की वरचं गाव, एसटी, शेळ्या, काही ऐकू येत नाही.

तोंडाशी तात्यांनी पत्र्याची पाटी लावली होती. गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्याकडून ती करून घेतल्यामुळे अक्षरं ट्रकच्या मागे असतात तशी होती. 'जीवाश्म पार्क. मोफत. काहीच करू नका.'

ह्या शेवटच्या वाक्यामागे एक गोष्ट होती. ती तात्या प्रत्येक टोळीला सांगत, आणि सांगताना स्वतःला जराही सवलत देत नसत.

डोझरच्या काळात पात्याला हाडं लागायची. दगड झालेली, जड. तात्या ती बांधावर भिरकावून पुढे जायचे. पण स्वतःच्या घळीत एकदा पावसानंतर त्यांना अख्खं डोकं सापडलं. म्हशीच्या जातीचं, पण शिंगं अशी की दोन्ही हात पसरले तरी टोकं हातात यायची नाहीत. तात्यांनी आणि त्यांच्या पुतण्यानं ते गोणपाटात घालून घरी आणलं आणि गोठ्यात दावणीच्या टोकाला ठेवलं. मग भाद्रपदातला पोळा आला. बैल धुतले, शिंगं घासली, हिंगूळ लावला. तात्या सांगत, "सगळ्यांची शिंगं रंगवली आन् ह्ये एकटं कोपऱ्यात तसंच. मला कसंतरीच झालं. जनावर हाय, दावणीला हाय, मंग त्येला कसं वगळायचं?" म्हणून त्यांनी त्या शिंगांनाही हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, कपाळाला गोंडा बांधला आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. असे तीन पोळे झाले.

चौथ्या वर्षी पुण्याहून एक संशोधक आले. नदीकाठचे थर पाहत गावोगाव फिरत होते. कुणीतरी त्यांना तात्यांच्या गोठ्यात आणलं. तात्यांनी अभिमानानं बॅटरी लावून दाखवली. साहेब ते लालभडक डोकं पाहून गव्हाणीवरच बसले.

"हे कोणी केलं?"

"आमीच. दरसाल करतो."

साहेब बराच वेळ शिंगावरून बोट फिरवत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तात्या, रंग आत मुरलाय. ह्याच्यातून आम्हाला आता काही काढता येणार नाही."

"रॉकेलनं धुऊ का?"

"नको. आता काहीच करू नका."

तात्यांनी ते वाक्य गुरुमंत्र घ्यावा तसं घेतलं. वर्षभर त्यांनी एकाही हाडाला हात लावला नाही. डोझर विकून टाकला. त्यानंतर जे दिसेल ते जागच्या जागी ठेवायचं, मऊ ब्रशनं वरची माती झटकायची आणि पावसाळ्याआधी पुन्हा झाकून टाकायचं, एवढंच ते करत. ते डोकं गोठ्यातच राहिलं. पोळ्याला त्याला रंग लावणं बंद झालं, नैवेद्य मात्र लांबून दाखवत. "खाण्याचं काय मुरत न्हाय ना," असं त्यांनी साहेबांना फोन करून विचारून घेतलं होतं.

घळीतून बाहेर पडताना ते सगळ्यांचे खिसे तपासत. आधी स्वतःचे उलटे करून दाखवत, मग बायकांना पर्स झटकायला लावत. एकदा आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांच्या खिशात नखाएवढा शिंपला निघाला. तात्या डॉक्टरांना घेऊन पुन्हा अर्धा मैल आत गेले, जिथला होता तिथे तो ठेवायला लावला आणि परत घेऊन आले. तोवर आमची एसटी गेली.

संक्रांतीनंतरच्या ज्या रविवारबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी आम्ही सात जण होतो. दातांचे डॉक्टर होते, माझी मैत्रीण प्रज्ञा खास इंदापूरहून आली होती. ती तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवते. तात्या स्टँडवर उभे होते, गळ्यात चष्मा, खांद्यावर पाण्याचा कॅन. मंडळींनी गणपतीचं दर्शन घेतलं आणि लोकांच्या हुरड्यात आलेल्या ज्वारीतून आम्ही चालत घळीशी आलो.

पहिली उतरण बसूनच उतरायची, हा तात्यांचा नियम. हुद्दा, वय, साडी, काही सांगायचं नाही. सगळे घसरत खाली आले की ते प्रत्येकाला दोन घोट पाणी पाजत आणि मगच तोंड उघडत. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर हात ठेवून सुरुवात केली. "ही उतरंड समजा. सगळ्यात खालचं मडकं सगळ्यात जुनं. वरचं काढल्याबिगर खालचं निघत न्हाय. पर हितं पाण्यानंच उतरंड मधनं कापलीया, म्हणून आपल्याला न हलवता समदं दिसतं."

प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली, "मी हेच सांगायला दोन तास घेते."

मातीच्या मधोमध एक पांढरा पट्टा होता, पिठासारखा मऊ. तात्यांनी त्यातली चिमूटभर डॉक्टरांच्या तळव्यावर ठेवली. ही राख आहे, ते म्हणाले. लांब समुद्रापलीकडे कुठेतरी डोंगर फुटला आणि त्याची राख वाऱ्यानं इथवर आली. "आमच्या आयनं ह्यानंच भांडी घासली. आन् मी दात."

"ह्यानं?" डॉक्टरांनी चिमूट बोटांत चोळली. "अहो, ही काच आहे. बारीक काच."

"म्हणून तर चकचकीत व्हायचे."

डॉक्टरांनी तात्यांना तिथेच आ करायला लावला. उन्हाकडे तोंड करून तात्या उभे, डॉक्टर वाकून आत बघतायत आणि आम्ही पाच-सहा जण रांगेत. मग डॉक्टरांनी पलीकडच्या उतारातून डोकावणारी एक दगडी दाढ पाहिली, पुन्हा तात्यांचं तोंड पाहिलं. "दोघांचे दात सारखेच झिजलेत," ते म्हणाले. "पेशंट म्हणून दोघांनाही उशीर झालाय." तात्या एवढे हसले की गळ्यातला चष्मा हेलकावे खाऊ लागला.

पुढच्या वळणावर एक सुळा होता. संशोधक साहेबांच्या मते तो पाणघोड्याचा असावा, नक्की नाही. हे सांगताना तात्या नेहमी घळीच्या काठाकडे बघत. वरच्या रानात त्यांची स्वतःची ज्वारी होती आणि ती वर्षाआड करपून जायची. "आमी टँकरची वाट बगत बसतो आन् आमच्याच रानाखाली पाणघोडा बसलेला," ते म्हणाले. ह्यात विनोद होता, पण त्या वर्षी त्यांची ज्वारी खरोखरच गुडघ्याच्या वर आली नव्हती.

दुपारी आम्ही घळीच्या तळाशी, बाभळीच्या सावलीत जेवायला बसलो. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. तेवढ्यात वरून हाक आली. तात्यांचा मुलगा संतोष काठावर उभा होता. ताकाची किटली त्यानं दोरीनं खाली सोडली. त्याला आम्ही बऱ्याचदा पाहिलं होतं, पण कायम असंच, काठावर उभा. खाली तो कधी उतरत नसे. चाळिशीचा, अबोल, उन्हानं रापलेला माणूस. तात्यांना तो आबा म्हणायचा.

"या की खाली," डॉक्टर म्हणाले.

"न्हाय. काम हाय." मग काठाशी वाकून त्यानं विचारलं, "आबांनी सांगितलं का तुमास्नी?"

तात्यांनी मान खाली घालून ताक ओतायला सुरुवात केली.

"उन्हाळ्यात हितं मशीन घालतोय," संतोष म्हणाला. "पाइपलाइन आलीया शेजारपर्यंत. ही चार एकर करून घेतो, डाळिंब लावतो. आता तुमचा ह्यो शेवटचाच हिवाळा."

मग डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांना बोलता येतं, ही त्यांची अडचण आहे. वारसा, विज्ञान, पुढच्या पिढ्या, सगळं त्यांनी खालून वर तोंड करून सांगितलं. संतोषनं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"डॉक्टर, तुमचा बंगला कुठं हाय?"

डॉक्टरांनी कॉलनीचं नाव सांगितलं. माझंही घर त्याच कॉलनीत आहे.

"तिथंबी अशाच घळी व्हत्या. आबांनीच बुजवल्या. तवा कुणी न्हाय म्हणलं न्हाय." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "सगळ्या मुलखाची रानं आबांनी केली. आमचं तेवढं राह्यलं. मला दोन पोरी हायत. त्यांनी काय हाडं मोजायची?"

किटली वर ओढून घेऊन तो निघून गेला. मला लाज वाटली. माझ्या दिवाणखान्याखाली काय होतं, हे मी आजवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि इथे मात्र दुसऱ्याच्या चार एकरांवर डोळे ओले करून बसले होते.

"तात्या, जमीन तुमच्या नावावर आहे ना?" प्रज्ञानं विचारलं. "तुम्ही नाही म्हणा."

तात्यांनी हात धुतले, धोतराला पुसले. "कोणत्या तोंडानं म्हणू? ज्येनं सांगावा धाडला त्येचं रान मी करून दिलं. खाली काय हाय, एकाला इचारलं न्हाय. आन् आता पोराची बारी आली की म्हणू, ऱ्हाऊ दे म्हणून?" कॅनचं झाकण लावत ते म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाय. मी हितं बसायचो तवा त्यो एकटा नांगर धरायचा."

त्या दुपारी उरलेली घळ त्यांनी आम्हाला दाखवली ती नेहमीच्याच क्रमानं, काही न गाळता. फक्त एका ठिकाणी, जिथे मोठ्या जनावराच्या बरगड्या ओळीनं मातीत रुतल्या होत्या, तिथे ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. खिशातला चष्मा काढला, ब्रशनं एकेक बरगडी झटकली, आणि पुन्हा माती लोटून झाकली. मोठा पाऊस यायला अजून पाच महिने होते.

प्रज्ञा गप्प बसणारी नाही. तिनं इंदापूरला जाऊन दोन-तीन कचेऱ्यांना अर्ज लिहिले, फोटो जोडले, पाठपुरावा केला. एकदा दोन साहेब येऊन पाहून गेले. पाटी बघून त्यांनी पार्क कुठे आहे असं विचारलं. तात्या म्हणाले, ह्यातच उभे हायसा. मार्चमध्ये पत्र आलं. आश्चर्य म्हणजे ते बरं होतं. जमीन खासगी आहे, पण कुटुंबातल्या सगळ्यांनी संमती लिहून दिली तर जागा आहे तशी राखण्याचा विचार करता येईल, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे फक्त संतोषची सही हवी होती.

ते पत्र घेऊन तात्या माझ्या दुकानात आले. मी म्हटलं, "तात्या, अहो झालं की काम. दाखवा त्याला."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "त्येच्याम्होरं ह्यो कागुद ठिवला तर त्यो सही करंल, ताई. बापापायी करंल. आन् मंग जलमभर शेजाऱ्याचं डाळिंब बगंल आन् माझ्या घळीकडं बगून थुकंल." पत्र त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. "माझं आडलं म्हणून त्येचं का आडवू?"

मी त्यांच्याशी भांडले. खरंच भांडले, गिऱ्हाइकांसमोर. तुम्ही हट्टी आहात, म्हटलं, ही एकट्याची वस्तू नाही. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "चष्म्याची दोरी सैल झालीया, तेवढी बगा." दोरी बदलून दिली. त्यांनी संतोषला ते पत्र दाखवलं नाही, हे मला पुढे प्रज्ञाकडून कळलं.

मेच्या शेवटी त्यांचा फोन आला. "या एकदा. चालायचं न्हाय, बसूनबी उतरायचं न्हाय. नुस्तं बगायचं हाय." प्रज्ञाला इंदापूरहून यायला जमण्यासारखं नव्हतं. मी एकटीच गेले. त्यानंतर पावसाळ्यात, श्रावणात तात्या गेले. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

घळ नव्हती. पाटीही नव्हती. दूरवर धुळीत एक पिवळं मशीन पुढेमागे होत होतं, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पोट सुटलेला त्याचा ऑपरेटर बांधावर बसून चहा पीत होता. मशीनवर तात्या होते.

मला पाहून त्यांनी इंजिन हळू केलं. "दुसऱ्याच्या हातनं नको वाटलं," ते म्हणाले. "ह्येनं चार दिवसांत केलं असतं. मला नऊ दिस लागले. आधी वरची माती बाजूला काढली, मंग पोटातली माती घळीत भरली. त्या बरगड्या व्हत्या न्हवं, त्या जागच्या जागी झाकल्या, वर पुरुषभर भर टाकलीया. डाळिंबाची मुळी तितवर जायची न्हाय." अंगभर धूळ, भुवयासुद्धा पिवळ्या. गळ्यातला चष्मा मात्र पुसलेला होता.

रान डोळ्याला सुख वाटावं इतकं सपाट झालं होतं. तात्यांचा हात अजून गेला नव्हता. फक्त मधोमध, जिथे आधी घळीची उंच भिंत होती, तिथे मातीचा एक खुंट तसाच उभा होता. दीड पुरुष उंच, खोलीएवढा रुंद. सगळे थर त्यात शाबूत होते, आणि पांढरा पट्टा बरोबर छातीच्या उंचीला.

संतोष पलीकडून चालत आला. मला नमस्कार केला आणि वडिलांना म्हणाला, "आबा, एवढा राह्यला."

"त्यो मोजमापाचा हाय," तात्या म्हणाले.

दुष्काळी कामावर खणलेल्या कुणालाही हे माहीत असतं. माती काढताना मध्ये एक खुंट न खणता ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते मोजणाऱ्याला दिसतं. मोजमाप झालं की तो पाडायचा.

"आपलं कसलं मोजमाप? मशीन तासावर हाय. माती कोण मोजतंय?"

"माती न्हाय. ती राख कवा पडली त्येचं. साहेब एक सांगतात, दुसरं साहेब दुसरंच सांगतात. त्यांचं अजून जुळलेलं न्हाय." तात्यांनी हे अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. मग मशीनच्या दांड्यावर हात ठेवला. "पर रान तुझं हाय. तू म्हण, आत्ता लोळवतो."

ते खरंच लोळवणार होते. मी त्यांना इतकं ओळखत होते. पण तोंड उघडायचा मला हक्क नव्हता.

संतोष खुंटाकडे गेला. लहानपणापासून ज्या जागेच्या काठावर तो उभा राहिला, तिथे आता उतरायचं काही राहिलंच नव्हतं. सपाट रानातून तो चालत गेला. एक फेरी मारली, दुसरी मारली. पांढऱ्या पट्ट्याशी थांबला आणि बोटानं जरासं खरवडून पाहिलं.

"आबा," तो म्हणाला, "हे पांढरं असं मधीच कसं आलं?"

कुठून कुठून आलेल्या माणसांना तात्यांनी हे सांगितलं होतं. शाळेच्या पोरांना, साहेबांना, दातांच्या डॉक्टरांना, मला. कधी अडखळले नव्हते. आता मात्र त्यांनी दांड्यावरचा हात काढला. संतोषनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या ऑपरेटरला हातानं खूण केली. तो येऊन इंजिन बंद करून गेला.

तात्या मशीनवरून उतरले, पायऱ्यांचा अंदाज घेत, एकेक. मी हात द्यायला पुढे झाले नाही. ते मुलाजवळ गेले, त्याचा दंड धरला आणि त्या खुंटाच्या सावलीत जमिनीवर बसले.

"बस खाली," ते म्हणाले. "हे उभ्यानं सांगायचं न्हाय."